स्वप्नातलं घर आधी भाड्याने घ्या

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुंबई-गोवा महामार्गावर मुंबईकडे परतणाऱ्या गाड्यांची रांग लागते. डिकीत आंब्याच्या पेट्या, फणस, कोकम सरबताच्या बाटल्या असतात आणि कितीतरी गाड्यांमध्ये बोलणं एकाच विषयावर चाललेलं असतं: नोकरी सोडून इकडेच राहायला यावं का? दोन-चार गुंठे जागा, जांभ्या दगडाचं कौलारू घर, मागे हापूसची पाच-पंचवीस कलमं, पुढे पर्यटकांसाठी दोन खोल्या. एखाद्याचं स्वप्न कोकणाऐवजी नाशिककडच्या मळ्याचं असतं, एखादीचं लॅपटॉप घेऊन हिमाचलातल्या गावात राहण्याचं, तर न्यू जर्सीतल्या एखाद्या कुटुंबाचं कायमचं पुण्याला परतण्याचं.

अशा स्वप्नांचं पुढे बहुधा दोनपैकी एक होतं. काही जण ती वीस-पंचवीस वर्षं मनात घोळवत राहतात आणि शेवटी गुडघे कुरकुरायला लागले की सोडून देतात. काही जण एका झटक्यात फ्लॅट विकतात, राजीनामा देतात आणि सामान ट्रकमध्ये भरतात. दोघांच्याही हाताशी माहिती मात्र सारखीच असते: सुट्टीतले चार दिवस, मोबाइलमधले फोटो आणि कुणा ओळखीच्याचं ‘एकदम मस्त चाललंय’.

तिसरा मार्गही आहे. ज्या आयुष्याची ओढ आहे, त्याचा एक छोटा तुकडा खऱ्या अटींवर जगून बघायचा आणि मग ठरवायचं. त्याला खर्च बेताचा येतो, परतीची वाट मोकळी राहते आणि मिळणारं उत्तर नुसत्या विचारातून आलेल्या उत्तरापेक्षा कितीतरी भरवशाचं असतं. हे का घडतं, यावर मानसशास्त्रात गेल्या तीसेक वर्षांत बरंच काम झालं आहे.

कॅलिफोर्नियाचं ऊन

डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन यांनी १९९८ साली एक सोपा पण खोल प्रश्न विचारला: कॅलिफोर्नियात राहिल्याने माणसं खरंच जास्त सुखी होतात का? कानेमन हे पुढे २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ. या दोघांनी सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. निम्मे मिशिगन आणि ओहायोसारख्या, हिवाळ्यात हाडं गोठवणाऱ्या भागातले. निम्मे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या उबदार उन्हातले. स्वतःच्या आयुष्याबद्दल किती समाधानी आहात, या प्रश्नावर दोन्हीकडचे आकडे जवळपास सारखे आले. पण ‘तुमच्यासारखा विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी किती सुखी असेल?’ असं विचारल्यावर दोन्हीकडच्यांनी एकच अंदाज केला: कॅलिफोर्नियातला जास्त सुखी असणार.

चूक कुठे झाली? ‘कॅलिफोर्निया’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर हवा आली आणि हवेने सगळं चित्र व्यापून टाकलं. रोजचा अभ्यास, परीक्षा, मित्र, पैशांची ओढाताण या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच होत्या आणि समाधान मुख्यतः त्यांवरच ठरत होतं. अंदाज करताना मात्र त्या कुणाच्या लक्षातच आल्या नाहीत. एखाद्या गोष्टीकडे आपण टक लावून बघत असतो, तेव्हा ती आहे त्यापेक्षा फार मोठी वाटते, असा कानेमन यांचा निष्कर्ष होता.

हार्वर्ड विद्यापीठात तर हे प्रत्यक्ष घर बदलताना तपासता आलं. तिथे पहिलं वर्ष संपताना विद्यार्थ्यांना पुढच्या वर्षांसाठी वसतिगृह मिळतं ते सोडतीने. एलिझाबेथ डन, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना आधीच विचारलं होतं: हवं ते वसतिगृह मिळालं तर किती आनंदात असाल, नको ते मिळालं तर किती? मुलांनी दोन्हींत मोठा फरक सांगितला. प्रत्यक्षात वर्षभराने विचारलं, तेव्हा हवं ते मिळालेले आणि नको ते मिळालेले यांच्या आनंदात म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. मुलांनी इमारत आणि जागा यांचा विचार केला होता. खोलीतले सोबती आणि गप्पांची मैफल सगळीकडेच होती, हे ती विसरली होती.

मनातलं कोकणही असंच असतं. तिथे नेहमी संध्याकाळ असते, पाऊस नेमका पडवीत बसल्यावर पडतो आणि शेजारी बोलावल्यावरच येतात. सुट्टीच्या चार दिवसांत हे चित्र खोटं ठरत नाही, कारण सुट्टीत जेवण दुसरं कुणी रांधतं, पंप बिघडला तर मालक धावतो आणि खर्च आधीच बाजूला काढलेला असतो. म्हणून तिथे पाच-दहा वेळा सुट्टीला जाऊन आलं तरी तिथल्या आयुष्याची परीक्षा होत नाही. परीक्षा घ्यायची तर सुट्टीत जे गळून जातं तेच आधी आत घ्यावं लागतं.

‘कसं चाललंय’ नव्हे, ‘काल काय केलं’

ज्यांनी ते आयुष्य पत्करलं आहे त्यांना विचारणं हा परीक्षेचा पहिला आणि सर्वांत स्वस्त भाग. पण काय विचारायचं, याला महत्त्व आहे. २००४ साली कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आयुष्याबद्दल मत विचारण्याऐवजी कालचा दिवस लिहायला सांगितला. सकाळपासून रात्रीपर्यंतच्या दिवसाचे, चित्रपटातल्या प्रसंगांसारखे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक वेळी काय करत होतो, कुणासोबत होतो, कसं वाटत होतं ते नोंदवायचं. मित्रमैत्रिणींसोबतचा वेळ वरच्या पायरीवर आला आणि कामावर जाण्या-येण्याचा प्रवास अगदी तळाशी. आपला दिवस नेमका कशात जातो आणि त्यात आपल्याला कसं वाटतं, हे अशा नोंदींतून जितकं स्पष्ट दिसतं तितकं ‘एकंदरीत बरं आहे’ या उत्तरातून दिसत नाही.

दुसरा एक प्रयोग २००९ सालचा, गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांचा. काही तरुणींची एका अनोळखी तरुणाशी पाच मिनिटांची भेट व्हायची होती आणि ती कितपत आवडेल याचा अंदाज त्यांनी आधी करायचा होता. काहींना त्या तरुणाचा फोटो आणि माहिती दिली. काहींना एवढंच सांगितलं की आधी भेटलेल्या एका अनोळखी मुलीला ती भेट किती आवडली. दुसऱ्या गटाच्या अंदाजातली चूक जवळपास निम्म्याने कमी निघाली. तरीही बहुतेकींना फोटो आणि माहितीच जास्त उपयोगाची वाटत होती. आपण इतरांहून वेगळे आहोत, त्यांचा अनुभव आपल्याला कसा लागू पडेल, ही समजूत फार चिवट असते.

तेव्हा मालवणात किंवा गुहागरात घरगुती निवास-न्याहारी चालवणाऱ्या काकूंना ‘धंदा कसा चाललाय?’ असं विचारून थांबू नये. काल किती वाजता उठलात, कोणकोणती कामं झाली, कशाची चिडचिड झाली, गेल्या ऑगस्टमध्ये किती रात्री खोल्या भरल्या होत्या, शेवटचं सिनेमाला कधी गेलात, असं विचारावं. आणि त्यांचं उत्तर आपल्यालाही लागू पडेल, असं धरून चालावं.

जुन्या परंपरांची उमेदवारी

आयुष्य बदलण्याआधी ते जगून बघण्याची रीत आधुनिक नाही. जैन परंपरेत गृहस्थाला ‘पौषध’ करता येतो: एक दिवस-रात्र घरदार, व्यापार, शृंगार बाजूला ठेवून साधूसारखं राहायचं. श्वेतांबर समाजात ४७ दिवसांचं उपधान तप असतं आणि त्यात तर साधुजीवनाची शिस्त दीड महिना पाळायची असते. ज्यांना दीक्षा घ्यायची आहे ते मुमुक्षू त्याआधी साधू-साध्वींच्या सोबत राहून, पायी विहार करून तो दिनक्रम अंगवळणी पाडतात.

महाराष्ट्रातल्या बौद्ध समाजात श्रामणेर शिबिरं भरतात. साधारण दहा दिवसांसाठी मुलं आणि मोठी माणसंही मुंडण करून चीवर धारण करतात, दहा शीलं पाळतात, दुपारनंतर जेवत नाहीत आणि शिबिर संपलं की चीवर उतरवून घरी येतात. थायलंडमध्ये तरुणांनी वर्षावासाचे तीन महिने भिक्खू म्हणून काढण्याची मोठी प्रथा आहे. तीन महिन्यांनी परतलेल्या मुलाला कुणी ‘जमलं नाही वाटतं’ असं म्हणत नाही; उलट त्याचा मान वाढतो.

युरोपात सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी नियमावली लिहिली. तिच्या ५८व्या प्रकरणात मठात येऊ पाहणाऱ्याला लगेच आत घ्यायचं नाही, असं बजावलं आहे. दोन महिने राहिल्यावर त्याला सगळी नियमावली वाचून दाखवायची आणि विचारायचं: राहतोस की जातोस? मग सहा महिन्यांनी पुन्हा, त्यानंतर चार महिन्यांनी पुन्हा. एकूण बारा महिने. मधल्या काळात जायचं असेल तर दार उघडं.

वेगवेगळ्या धर्मांतल्या, एकमेकांपासून दूर घडलेल्या या व्यवस्थांत तीन गोष्टी सामाईक दिसतात. अटी पूर्ण असतात, त्यांत सूट नसते. मुदत आधीच ठरलेली असते. आणि परत येण्यात कमीपणा नसतो. नीट केलेल्या कुठल्याही चाचणीला या तीन गोष्टी पुरेशा आहेत.

याच तत्त्वावर १९७१ साली लंडनमध्ये सू कॉपर्ड नावाच्या एका सेक्रेटरीने नवी वाट काढली. तिला खेड्याची, शेतीची ओढ होती. पण जाऊन राहावं असं ओळखीचं शेत नव्हतं. तिने ससेक्स परगण्यातल्या एमर्सन कॉलेजच्या शेतावर शनिवार-रविवारी काम करून राहण्याची सोय लावली. पहिल्या खेपेला चार जण होते. आज ‘वूफ’ नावाने ही चळवळ शंभराहून अधिक देशांत पसरली आहे आणि भारतातही तिची शेतं आहेत. पाहुण्याने दिवसातले काही तास शेतात राबायचं, यजमानाने जेवण आणि निवारा द्यायचा, पैशांची देवघेव नाही. कुणी तिथून शेतकरी होऊन बाहेर पडतं, कुणाला आपली हौस परसबागेपुरतीच आहे हे कळतं. दोन्ही उत्तरं सारखीच मोलाची आहेत.

हिशेब ठेवणारे प्रयोगी

साधं जगणं करून बघणाऱ्यांमध्ये हेन्री डेव्हिड थोरोचं नाव पहिलं येतं. ४ जुलै १८४५ रोजी तो मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ला परतला. जागा त्याची स्वतःची नव्हती, मित्र राल्फ वाल्डो इमर्सनची होती. झोपडी दहा फूट बाय पंधरा फुटांची आणि तिचा खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. हा आकडा आज ठाऊक आहे, कारण थोरोने खिळ्यांपर्यंतचा हिशेब लिहून ठेवला. पहिल्या वर्षी त्याने सुमारे अडीच एकरांत मुख्यतः घेवडा लावला. उत्पन्न २३ डॉलर ४४ सेंट, खर्च १४ डॉलर साडेबहात्तर सेंट, हाती राहिले ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. दुसऱ्या वर्षी त्याने जमीन जेमतेम एक तृतीयांश एकरावर आणली, कारण एका माणसाला तेवढीच पुरते हे पहिल्या वर्षाने शिकवलं होतं. सव्वादोन वर्षांनी तो निघाला तो हरून नाही. जे तपासायचं होतं ते तपासून झालं होतं आणि पुढे करण्यासारखी दुसरी कामं त्याला दिसत होती.

महाराष्ट्रात याहून कडक प्रयोग वर्ध्याजवळ पवनारला झाला. धाम नदीकाठच्या परंधाम आश्रमात विनोबा भाव्यांनी १९५० साली ‘कांचनमुक्ती’ सुरू केली. पैशांवाचून, अंगमेहनतीवर जगता येतं का, हे त्यांना लोकांना सांगण्याआधी स्वतः बघायचं होतं. सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी बैलांशिवाय, हातातल्या अवजारांवर शेती केली. तिला ते ऋषिशेती म्हणत. ताटात काय येणार हे त्या कामावर ठरत होतं. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला पायी निघाले आणि १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत भूदानाचा पहिला दानसंकल्प झाला. भूमिहीनांना जमीन मागणारा हा माणूस मातीत हात घातलेला होता, हे गावकऱ्यांना सांगावं लागलं नाही.

आज सर्वांत दूरचं स्वप्न मंगळाचं आहे. तेही असंच जमिनीवर तपासलं जातं. अमेरिकेच्या ‘नासा’ने ह्यूस्टनमध्ये त्रिमितीय छपाईने १,७०० चौरस फुटांचं एक बंदिस्त घर उभारलं आणि चार स्वयंसेवक त्यात २५ जून २०२३ ते ६ जुलै २०२४ असे ३७८ दिवस राहिले. बाहेर पाठवलेला निरोप पोचायला मंगळावरून लागेल तेवढा वेळ मुद्दाम लावला जाई. भाजी आत पिकवायची, बिघडलेलं आत दुरुस्त करायचं. इतक्या लांबच्या प्रवासात माणसं एकमेकांसोबत कशी राहतील, याचं उत्तर गणिताने निघत नाही. ते राहूनच काढावं लागतं.

जुलैमधलं कोकण

आता महामार्गावरच्या त्या स्वप्नाकडे जवळून बघू. कोकण किनारपट्टीवर वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. पुणे शहराचा वर्षाचा पाऊस सातशेच्या आसपास. हा फरक आकड्यात कळत नाही, घरात कळतो. मे महिन्यातच कौलं परतून घ्यायची, पडवीला झापं नाहीतर ताडपत्री बांधायची, सरपण कोरडं ठेवायचं आणि आगोटची बेगमी करायची: मसाले, पापड, सुकी मासळी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे सुट्टीत रोज ताटात असलेली सुरमईची तुकडी जुलैमध्ये नसते. कपाटातल्या चामडी पट्ट्यावर, पुस्तकांच्या कण्यावर, लग्नातल्या शालूवर बुरशीचा पांढरा थर धरतो. वीज दुपारी जाते ती कधी दुसऱ्या दिवशी येते. तिच्यासोबत मोबाइलचं नेटवर्क जातं आणि नेटवर्कसोबत ‘घरून काम’.

पाऊस ओसरला की फुरसं आणि विंचू आहेतच. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं. त्यांचं संशोधन ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. कोकणात राहायला जाणाऱ्याने सर्वांत जवळच्या रुग्णालयात सर्पदंशावरचं प्रतिविष आहे का आणि रात्री दोन वाजता तिथे पोचायला किती वेळ लागतो, हे एकदा स्वतः जाऊन बघावं.

बागेचंही तसंच. हापूसचं कलम लावलं की लगेच पेट्या भरत नाहीत. चांगलं उत्पन्न हाती यायला सात-आठ वर्षं जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मोहोर वाचवण्यासाठी सहा फवारण्यांचं वेळापत्रक दिलं आहे. तुडतुडे, फुलकिडे, भुरी, करपा यांच्याशी डिसेंबरपासून झुंज सुरू होते. ऐन मोहोरात ढगाळ हवा आली किंवा अवकाळी सर पडली की केलेली फवारणी वाया. फळ धरलं की वानर-माकडं. एप्रिलच्या उन्हात झेल्याने आंबा उतरवायचा, देठ न मोडता. आढी घालायची, प्रतवारी करायची, पेटी बांधून वाशीच्या बाजारात धाडायची आणि भाव काय फुटला ते फोनवर ऐकायचं. ज्यांना हे काम मनापासून आवडतं, त्यांच्यासाठी याहून सुंदर आयुष्य नाही. आपण त्यांच्यातले आहोत का, हे एक संपूर्ण हंगाम कुणाच्या तरी बागेत राबल्याशिवाय कळणार नाही.

पर्यटकांच्या दोन खोल्यांचं गणित बहुतेक घरांत नवऱ्याच्या तोंडून ऐकू येतं आणि त्याचा भार बायकोच्या अंगावर पडतो. रात्री अकराला पोचलेल्या पाहुण्यांना जेवण, सकाळी सातला घावणे-चटणी, मग चादरी, न्हाणीघर, पाण्याची टाकी, दुपारची थाळी, संध्याकाळचा चहा. मे आणि डिसेंबरमध्ये उसंत नाही, आषाढ-श्रावणात खोल्या रिकाम्या. म्हणून चाचणी एकट्याने करू नये. जे जे त्या घरात राहणार आणि राबणार, त्यांनी सगळ्यांनी ती करावी आणि शेवटी प्रत्येकाने आपलं मत वेगवेगळ्या कागदावर लिहावं.

शेतजमिनीची अडचण आणखी निराळी. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन सहज विकत घेता येत नाही. कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आदिवासींच्या जमिनीच्या खरेदीवर कडक बंधनं आहेत. किनाऱ्यालगत किनारी नियमन क्षेत्राचे (सीआरझेड) नियम आहेत आणि गुंठ्यांच्या व्यवहारांवर तुकडेबंदीचे. त्यांत अधूनमधून बदल होतात, तेव्हा सातबारा हातात घेऊन तहसील कार्यालयातच चौकशी करावी. बयाणा दिल्यावर हे समजलं तर फार महाग पडतं.

चाचणी कशी लावायची

महाराष्ट्रात घर भाड्याने देण्याचा प्रचलित करार अकरा महिन्यांचा. तो जूनमध्ये सुरू केला तर पहिल्याच महिन्यात पाऊस भेटतो, मग गणपती, मग ऑक्टोबरचा उकाडा, मोहोर आणि शेवटी एप्रिलचं ऊन. एवढी रजा नसेल तर निदान जुलैचे तीन आठवडे. पुण्याला परतू पाहणाऱ्या परदेशस्थ कुटुंबाने हाच नियम लावावा. डिसेंबरमधलं पुणे म्हणजे सवाई गंधर्व महोत्सव, लग्नसराई, गुलाबी थंडी आणि भेटायला उत्सुक नातेवाईक. जूनमधलं पुणे म्हणजे शाळेचा प्रवेश, हिंजवडीचा रस्ता आणि आजारी आईबाबांच्या तपासण्या. राहायचं आहे ते या दुसऱ्या पुण्यात.

त्या काळात खर्च भावी उत्पन्नातूनच करायचा. नवीन आयुष्यात महिन्याला तीस हजार मिळतील असा अंदाज असेल, तर चाचणीतही तीस हजारांतच भागवायचं. शहरातल्या पगाराला हात लावला की परीक्षा फुटली. रोज रात्री पाच मिनिटं त्या दिवसाची नोंद करावी: काय केलं, कुणासोबत, कसं वाटलं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांचा उत्साह हिशेबात धरू नये, कारण नवेपणाचा आनंद सगळ्यांनाच होतो. आणि निघण्याआधीच लिहून ठेवावं: कोणत्या गोष्टी जमल्या तर पुढे जायचं आणि कोणत्या नाही जमल्या तर थांबायचं.

नोकरी टिकवून धंदा करून बघणाऱ्यांविषयी अमेरिकेत एक चांगला अभ्यास झाला आहे. जोसेफ राफी आणि जी फेंग यांनी २०१४ साली दाखवलं की नोकरी करता करता व्यवसाय सुरू करून मग त्यात पूर्णवेळ उतरलेल्यांचा व्यवसाय बंद पडण्याचा धोका, थेट राजीनामा देऊन उतरलेल्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होता. त्यांना शिकायला वेळ मिळाला आणि ज्यांचं जमणार नव्हतं ते वेळीच बाजूला झाले.

पण चाचणीचा उपयोग केवळ सावधपणासाठी नाही. ती भितऱ्यांना पुढे ढकलते, हा तिचा मोठा गुण आहे. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेविट यांनी एक विलक्षण प्रयोग केला. नोकरी सोडावी का, नातं तोडावं का, अशा प्रश्नांत अडकलेल्या लोकांनी नाणं उडवून निर्णय घ्यावा, असं त्यांनी सुचवलं. वीस हजारांहून जास्त वेळा नाणी उडवली गेली. सहा महिन्यांनी विचारपूस केली, तेव्हा मोठ्या निर्णयांत ज्यांनी बदल स्वीकारला होता ते, ज्यांनी आहे तसंच चालू ठेवलं त्यांच्यापेक्षा सरासरीने जास्त सुखी होते. आयुष्याच्या वळणावर माणसं गरजेपेक्षा जास्त काळ थांबून राहतात, असा याचा अर्थ. लहान चाचणी हे थांबणं मोडते. उडी घेण्याइतकं धैर्य नसलं तरी पहिलं पाऊल टाकता येतं.

सगळं काही लहान प्रमाणात तपासता येत नाही, हेही खरं. मुलाची अख्खी शाळा, सत्तरीतलं एकटेपण, नव्याने लावलेल्या कलमाची पहिली आठ वर्षं या गोष्टी तीन आठवड्यांत कळत नाहीत. परत जायचं घर मागे शाबूत आहे हे माहीत असतं, तेव्हा अडचणी थोड्या सोप्याही वाटतात. त्यासाठीच तिथल्या जुन्या रहिवाशांकडून ‘काल काय केलं’ हे ऐकून घ्यायचं.

पैशांची किंवा रजेची तंगी असलेल्यांनाही चाचणी लावता येते. शेतीची ओढ असलेल्याने लागोपाठ पाच शनिवार ओळखीच्या शेतकऱ्याकडे भांगलणीला, फवारणीला जावं, आणि दुपारी बारा वाजता परतू नये. खानावळ काढायची असलेल्या बाईंनी एक महिना रोज दहा डबे वेळेवर पोचवून बघावेत. सगळं सोडून लेखन करायचं म्हणणाऱ्याने तीन महिने रोज पहाटे दोन तास लिहावं आणि किती पानं झाली ते मोजावं.

मनात असं एखादं आयुष्य वर्षानुवर्षं असेल, तर या आठवड्यात तीन गोष्टी कागदावर उतरवा: कुठे जाणार, कोणत्या अवघड महिन्यात आणि किती दिवस. मग घरातल्या माणसांना तो कागद दाखवा, रजेचा अर्ज द्या आणि त्या गावात भाड्याच्या खोलीसाठी फोन करा.